अराता इझुमीचा उलटा प्रवास

आमच्या नांदेड-लातूरकडच्या पोरांचा रूट ठरलेला असतो. दहावीनंतर लातूर पॅटर्न, मग इंजिनियरिंग, मग पनवेल एक्सप्रेस पकडून पुणे. हिंजवडी. नशीब चांगलं असेल तर ऑनसाइट, पुढे ग्रीन कार्ड, आणि एक दिवस आपला निळा पासपोर्ट परत करून तिकडचा घ्यायचा. माझे निम्मे मित्र याच लायनीत उभे आहेत, त्यात गैर काही नाही.

पण याच हिंजवडीच्या बाजूला, बालेवाडीच्या स्टेडियमवर, एक माणूस काही वर्षं खेळत होता आणि तो हा रस्ता बरोब्बर उलटा चालून आला होता. अराता इझुमी. आमच्या मराठवाड्यात फुटबॉलला विचारतो कोण, त्यामुळे नाव कदाचित ऐकलं नसेल.

जन्म १९८२चा, जपानमधला. आई जपानी, वडील गुजराती वंशाचे. खेळायचा मिडफिल्डला. सिंगापूरमध्ये अल्बिरेक्स निगाता, २००६ मध्ये कोलकात्यात ईस्ट बंगाल, मग मुंबईची महिंद्रा युनायटेड, २००९ पासून पुणे एफसी. नंतर ॲटलेटिको द कोलकाता, एफसी पुणे सिटी, इंफाळची नेरोका, केरला ब्लास्टर्स... दमलात ना वाचून?

अशा खेळाडूला लोक पटकन 'फिरस्ता' म्हणून मोकळे होतात. सीव्हीवर इतक्या कंपन्या दिसल्या की एचआरवाल्यांच्याही भुवया अशाच चढतात. पण जरा कंपन्यांकडे बघा की! महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद. पुणे एफसी २०१२-१३च्या आय-लीगमध्ये दुसरी आली आणि दोन-तीन वर्षांत गाशा गुंडाळून मोकळी. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये संपली. निष्ठा ठेवायची कुणावर, दाराच्या कुलपावर?

आणि याच माणसाने २०१२ मध्ये जपानचं नागरिकत्व सोडलं. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व चालत नाही, आणि ओसीआय कार्डावर भारताच्या संघात खेळता येत नाही. म्हणजे जगातल्या सगळ्यात वजनदार पासपोर्टांपैकी एक टाकायचा आणि आपला घ्यायचा, ज्यावर व्हिसासाठी आपण कागदांची चळत घेऊन उभे राहतो. भारतीय नाव नीलकंठ खंबोळजा. २०१३ मध्ये वयाच्या तिशीत भारताकडून पहिला सामना, आणि पुढे मोजकेच. आमच्या धंद्यातला कुणी असल्या ऑफरवर सही करणार नाही. मीही नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये बेंगळुरू एफसीच्या रायन विल्यम्सने ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट सोडून भारताचा घेतला. त्याचं आजोळ मुंबईचं. लगेच चर्चा सुरू झाली, असे अजून दहा आणा, मग बघा वर्ल्ड कप. केप व्हर्देसारखा चिमुकला देश परदेशात वाढलेली पोरं गोळा करून २०२६च्या वर्ल्ड कपला पात्र ठरला, हे खरं आहे. पण तिथे दुहेरी नागरिकत्व चालतं हो. तिथल्या पोराला काही सोडावं लागत नाही. आपण मात्र आधी घर सोडून ये म्हणतो, आणि बदल्यात काय देतो? जुलै २०२५ मध्ये आयोजक आणि फेडरेशन यांचा करार अडला म्हणून आख्खी आयएसएल लटकवून ठेवली होती. काही क्लबांनी खेळाडूंचे पगार थांबवले. ज्याने परतीचा रस्ता बंद केलाय त्याने अशा वेळी काय करायचं?

त्यामुळे माझं म्हणणं साधं आहे. कुणाचा पासपोर्ट मागायच्या आधी किमान पाच वर्षं चालेल अशी लीग आणि टिकतील असे क्लब दाखवा. ते जमत नसेल तर मागू नका.

असो. खेळणं थांबवल्यावर अराता नवी मुंबईत रिलायन्स फाउंडेशनच्या यंग चॅम्प्स अकादमीत पोरांना शिकवायला लागला.