ताप उतरला, पण हार्टचं काय?

पावसाळा आला की ऑफिसात दोनच विषय, ट्रॅफिक आणि व्हायरल. ‘काही नाही यार, गोळी घेतली आणि आलो,’ म्हणणारा एक हीरो प्रत्येक टीममध्ये असतोच. अशा हीरोंना माझा एकच प्रश्न: बॉस, तुमचं बीपी किती?

‘बीपी? ते बाबांना असतं!’ हे उत्तर ठरलेलं. माझी एक मैत्रीण, वय 29, सॉफ्टवेअरमध्ये आहे. हेल्थ चेकअपमध्ये तिचं बीपी निघालं 148/96. मॅडमनी रिपोर्ट ड्रॉवरमध्ये टाकला. का, तर डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही! खरी गोम इथेच आहे.

बीपी म्हणजे पाइपातल्या पाण्याचं प्रेशर, एवढंच आपल्याला माहीत. पण 2007 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी एक भन्नाट प्रयोग केला. टी आणि बी या पांढऱ्या पेशी नसलेल्या उंदरांना त्यांनी बीपी चढवणारं अँजिओटेन्सिन दिलं. बीपी फारसं चढलंच नाही! टी पेशी परत दिल्या आणि चढलं. म्हणजे आपली इम्यून सिस्टीमही या खेळात सामील आहे. बीपी सतत चढलेलं असलं की या पेशी रक्तवाहिन्यांच्या भिंतींत आणि किडनीत ठाण मांडतात आणि सूज आणणारी रसायनं सोडत राहतात. आपल्याला पत्ताही नसतो.

आता यात व्हायरस आला तर? सोसायटीचा वॉचमन आठवा. आठवडाभर झोप नाही, डोकं तापलेलं. अशा वेळी चोर शिरला तर तो चोराला बडवेलच, पण पार्किंगमधल्या चार गाड्याही फोडेल. कोविडच्या पेशंट्सचा बर्लिनमध्ये अभ्यास झाला, तेव्हा हेच दिसलं. बीपी असलेल्यांच्या इम्यून पेशी आधीपासूनच भडकायला तयार होत्या. सूज वाढली, व्हायरस शरीरातून जायलाही जास्त वेळ लागला.

फुटलेल्या गाड्यांपैकी एक म्हणजे आपलं हार्ट. सुजेची रसायनं रक्तातून तिथे पोचतात, स्नायूला इजा करतात, रक्ताच्या गुठळ्या व्हायला मदत करतात. 2020 मध्ये वुहानच्या एका हॉस्पिटलमधल्या 416 कोविड पेशंट्सपैकी 82 जणांच्या हृदयाला इजा झाल्याचं दिसलं. त्या 82 जणांत बीपीवाले जवळपास 60 टक्के होते, बाकीच्यांत 23 टक्के. इजा झालेले वयानेही मोठे होते, त्यामुळे सगळं खापर बीपीवर फोडता येणार नाही. पण दुर्लक्ष करण्याइतका हा फरक छोटाही नाही.

आणि हे फक्त कोविडचं नाही हं! साध्या फ्लूनंतरच्या पहिल्या सात दिवसांत हार्ट अटॅकचा धोका सुमारे सहापट होतो, असं कॅनडातल्या ओंटारिओमधल्या अभ्यासात 2018 मध्ये दिसलं. त्यातले बहुतेक पेशंट वयस्कर होते, हे खरं. पण आपणही काही कायम तिशीत राहणार नाही. शिवाय 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीत आपल्याकडच्या 35.5 टक्के प्रौढांना हाय बीपी निघालं. म्हणजे तुमच्या क्युबिकलच्या आसपास कुणीतरी आहेच.

मग करायचं काय? टेन्शन तर अजिबात घेऊ नका. बीपी मोजा, तेही ताप नसताना, शांत बसून, वेगवेगळ्या दिवशी. पुन्हा पुन्हा 140/90 किंवा त्याच्या वर येत असेल तर डॉक्टर गाठा. गोळी सुरू असेल तर तापात आपल्या मनाने बंद करू नका. सर्दीच्या काही गोळ्या आणि आयबुप्रोफेनसारखी पेनकिलर्स बीपी चढवतात, तेव्हा केमिस्टला आधी विचारा. फ्लूच्या लसीबद्दलही डॉक्टरांशी बोला. तापात जिमला आणि डेडलाइनला सरळ सुट्टी द्या. छातीत दुखलं, धाप लागली, तर मात्र ‘सकाळी बघू’ नको, थेट हॉस्पिटल.

फोनची बॅटरी किती टक्के आहे, हे आपल्याला झोपेतही सांगता येतं. मग हे दोन आकडे पाठ करायला काय हरकत आहे?