नांग्या वेळीच भराव्यात

बुलढाणा जिल्ह्यातील कास्तकार पेरणीनंतर आठ-दहा दिवसांनी तासांवरून फिरतो आणि जेथे बी उगवले नाही तेथे पुन्हा टोबतो. नांग्या भरण्याचे हे काम तेव्हाच करावयाचे असते. दिवाळीत करून उपयोग नाही. आपल्या शिक्षणखात्याला मात्र हे उमगलेले दिसत नाही.

2009 च्या शिक्षणहक्क कायद्यामुळे आठवीपर्यंत कोणास नापास करता येत नसे. 2019 मध्ये तो कायदा बदलला आणि 2023 मध्ये महाराष्ट्राने पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा लावली. अनुत्तीर्णांना पूरक मार्गदर्शन आणि निकालानंतर दोन महिन्यांत पुनर्परीक्षा! पण निकाल लागतो तो सुटीच्या तोंडावर, आणि विदर्भातील शाळा उघडतात जूनअखेरीस. मधल्या रणरणत्या उन्हात मार्गदर्शन करावयाचे कोणी, आणि कोठे?

"मेहनत कर, धीर सोडू नकोस" हा उपदेश सहावी-सातवीच्या मुलास आपण नित्य करतो. परंतु भागाकारात शून्य द्यावयाचे कोठे राहिले हे त्यास कोणी दाखविलेच नाही, तर तो शंभर गणिते शंभर वेळा चुकीचीच सोडवील आणि अखेर स्वतःलाच 'ढ' म्हणू लागेल. आत्मविश्वास भाषणाने येत नाही. काल अडलेले गणित आज सुटले की येतो. शिक्षकांवर अशैक्षणिक कामांचे ओझे आहे, हे खरे. ते शासनाने उतरवावेच. पुनर्परीक्षेची तरतूद करणाऱ्यांनी, श्रावणातच मुलांच्या वह्या पुढ्यात घेऊन बसण्यासाठी, आठवड्यातील दोन तासांची तरतूदही वेळापत्रकात करावी.