शाहिराला नुसत्या टाळ्या पुरत नाहीत

दिवाळी सरली की झाडीपट्टीत मंडईचे दिवस येतात. कोहमाऱ्याच्या आसपास वडशाच्या नाटक कंपन्या उतरतात आणि आमची माणसे तिकीट काढून, थंडीत रात्र जागून नाटक पाहतात. तीच माणसे भीमजयंतीला डीजेवर हजारो रुपये उधळतात आणि शाहिराची मात्र ‘समाजाचे काम आहे’ म्हणत गाडीभाड्यावर बोळवण करतात. हा दुटप्पीपणा चळवळीला शोभत नाही.

शाहीर संभाजी भगत यांचेच उदाहरण घ्या. सातारा जिल्ह्यातून मुंबईत आलेला हा कलावंत आव्हान नाट्य मंचातून विलास घोगरे यांच्यासोबत वस्त्यावस्त्यांत गायला. जोतीरावांनी १८६९ साली शिवरायांचा पोवाडा लिहून कुळवाडीभूषण राजा बहुजनांच्या हाती दिला. तोच धागा भगतांनी २०१२ साली ‘शिवाजी अंडरग्राऊंड इन भीमनगर मोहल्ला’ या नाटकात पुढे नेला. संकल्पना व संगीत त्यांचे, लेखन राजकुमार तांगडे यांचे, दिग्दर्शन नंदू माधव यांचे. यम शिवरायांना न्यायला येतो, पण त्यांचे विचार मागेच राहतात, आणि मग त्या विचारांचा शोध सुरू होतो. हे नाटक जालन्याकडच्या शेतकरी पोरांनी गाजवले. बंद सभागृहातल्या मूठभर प्रेक्षकांपुढे होतो तोच ‘प्रयोग’, असे मानणाऱ्या समीक्षकांना हा प्रयोग दिसू नये?

चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ (२०१४) या चित्रपटाचे संगीतही भगतांचेच. त्यातल्या शाहीर नारायण कांबळेवर आरोप काय, तर त्याचे गाणे ऐकून गटार कामगाराने आत्महत्या केली! ही भूमिका केली नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार यांनी. चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. साथीदारांना १३ एप्रिल २०२१ रोजी, जयंतीच्या आदल्या दिवशी, कोरोनाने नेले.

वकील म्हणून सांगतो, असा आरोप टिकायला चिथावणी आणि हेतू सिद्ध व्हावा लागतो. पण निकाल लागेपर्यंतची कोठडी हीच शिक्षा ठरते. ही केवळ पडद्यावरची गोष्ट नाही. कबीर कला मंचाच्या शीतल साठे व सचिन माळी यांना २०१३ साली, तर सागर गोरखे, रमेश गायचोर व ज्योती जगताप यांना सप्टेंबर २०२० मध्ये अटक झाली. संविधानाचे कलम १९ शाहिरालाही लागू आहे, हे न्यायालयात कोणीतरी उभे राहून सांगावे लागते.

आणि विलास घोगरे? ११ जुलै १९९७ रोजी रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळ्यांनी दहा जणांचे बळी घेतले. चार दिवसांनी घोगरेंनी आपले जीवन संपवले. जिवंतपणी आपण त्यांची किती विचारपूस केली, हा प्रश्न त्यांच्यामागे आपल्यासाठी उरला आहे.

म्हणून जयंती समित्यांनी दोन ठराव करावेत. पहिला, शाहिराचे मानधन आधी ठरेल आणि कार्यक्रम संपताच हातात पडेल. दुसरा, शाहिरावर गुन्हा दाखल झाला तर जामिनासाठी उभे राहणाऱ्या वकिलांची यादी प्रत्येक तालुक्यात तयार असेल. कोहमाऱ्यापुरते पहिले नाव माझे लिहा.