मोजपट्टी कोणाची?

बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव हे गाव श्रीगजानन महाराजांचे समाधिस्थान म्हणून सर्व महाराष्ट्रास परिचित आहे. बाहेरगावचा यात्रेकरू तेथे येतो, दर्शन घेतो, गरम कचोरी खातो आणि आगगाडीने परत जातो. परंतु गावातील माणसाला बारा महिने गावातच राहावयाचे असते, आणि इतर ठिकाणच्या माणसांप्रमाणे त्यालाही नाना छंद असतात. त्यांत चित्रपटाचा छंद बहुधा सर्वांत बळकट. असा एखादा चित्रपटवेडा तरुण गाठावा आणि उत्तम चित्रपट कोठे निघतात, असे त्याला विचारावे. क्षणाचाही विलंब न लावता तो ‘हॉलिवूडमध्ये’ असे सांगेल. तेथील पटांत माणसे खरोखर उडत आहेत असे वाटते, मनोरे खरोखर कोसळत आहेत असे वाटते, आणि कोट्यवधी वर्षांपूर्वी नाहीसे झालेले प्राणी अंगावर धावून येतात! जपानचा, इराणचा किंवा आपल्याकडील एखादा पट त्याला आवडलाच, तर तो मोठ्या कौतुकाने म्हणतो, ‘वा! अगदी हॉलिवूडसारखा झाला आहे.’

या शाबासकीतच खरी मेख आहे. कापड मीटरने मोजतात आणि दूध लिटरने. दुधाच्या भांड्यात मीटरची पट्टी बुडवून दुधाची गोडी कळत नाही. मग जगातील प्रत्येक चित्रपट एकाच गावच्या पट्टीने मोजण्याची सवय या तरुणास कोणी लावली?

ती सवय एका दिवसात लागलेली नाही. पहिल्या महायुद्धापूर्वी फ्रान्स, इटली वगैरे देशांचे मूकपट जगभर दाखवले जात. १९१४ साली युद्ध पेटले, युरोपातील चित्रपटांचा धंदा खालावला आणि ती मोकळी जागा अमेरिकेने भरून काढली. अमेरिकेत प्रेक्षक अफाट. पटाचा खर्च घरच्या घरीच निघून येई. त्यामुळे तोच पट परदेशी स्वस्तात देणे तेथील कंपन्यांना परवडत असे. आपल्याकडे इंग्रजांचे राज्य होते. परंतु पडद्यावर राज्य होते ते अमेरिकेचे. ते इतके पसरले की १९२७ साली सरकारने टी. रंगाचारियार यांच्या अध्यक्षतेखाली एक चौकशी समिती नेमली. अमेरिकन पटांना आवर घालून ब्रिटिश पटांना वाट करून द्यावी, असा सरकारचा मनोदय होता. समितीने तो मान्य केला नाही; देशी चित्रपटांनाच उत्तेजन द्यावे, असे तिचे मत पडले. पुढे १९९४ साली डायनोसॉरांचा ‘जुरासिक पार्क’ हिंदीतून बोलू लागला आणि इंग्रजी न जाणणाऱ्या गावांतही हॉलिवूडचे पट आवडीने पाहिले जाऊ लागले. ज्याच्याजवळ पैसा अधिक, त्याचा आवाज दूरवर जातो. आणि जो आवाज सर्वत्र ऐकू येतो, तोच उत्तम असे माणसास वाटू लागते. तो उत्तम असेलही. परंतु मोठा आवाज हा त्याचा पुरावा होऊ शकत नाही.

परक्यांचे पाहूच नये, असा याचा अर्थ मुळीच नव्हे. दादासाहेब फाळके यांनी ते पाहिले नसते, तर भारतीय चित्रपटाचा जन्म आणखी लांबला असता. १९११ च्या सुमारास मुंबईत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील एक परदेशी मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त दिसत होता. फाळक्यांच्या मनासमोर मात्र राम आणि कृष्ण उभे राहिले. त्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकली, १९१२ साली लंडन गाठले, कॅमेरा विकत घेतला आणि ते विद्या घेऊन परतले. फिल्मच्या कडांना भोके पाडण्यापासून ती रसायनांत धुण्यापर्यंतची कामे त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई करीत, आणि पुन्हा सर्व मंडळींचा स्वयंपाकही त्यांच्याकडेच असे. स्त्रिया पडद्यावर येण्यास तयार नव्हत्या. तेव्हा साळुंके नावाच्या एका पुरुषास तारामती करण्यात आले! ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात लागला. फाळक्यांनी यंत्र परदेशातून आणले. काय पाहावे आणि काय दाखवावे, हे मात्र त्यांनी कोणासही विचारले नाही.

पुण्याच्या प्रभात कंपनीचा ‘संत तुकाराम’ १९३६ साली निघाला. विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल हे त्याचे दिग्दर्शक. विष्णुपंत पागनीस यांचा तुकाराम पाहताना ते अभिनय करीत आहेत, याची प्रेक्षकास आठवण राहत नसे. त्यांच्यासमोर गौरीबाईंची जिजाई उभी आहे. नवरा विठ्ठलाच्या नादी लागलेला, घरात दाणा नाही आणि मूल आजारी. अशा वेळी ती देवापुढे हात जोडत नाही. तडक देवळात जाऊन देवालाच जाब विचारते. या पटातही चमत्कार आहेत. परंतु ज्याच्या मनात जिजाई राहिली, त्याला तुकारामाचे विमान एक वेळ आठवणार नाही. १९३७ साली इटलीतील व्हेनिस येथील महोत्सवात या पटाचा गौरव झाला. देहूच्या एका वाण्याचे घर इटलीतील लोकांस समजले, ते त्या घराला हॉलिवूडचा रंग दिला म्हणून नव्हे.

शेगावच्या तरुणाची यावर एक ठरलेली तक्रार असते : ‘आशियातील चांगले म्हणतात ते पट फार संथ असतात.’ तक्रार खोटी नाही. परंतु दरवर्षी आषाढीसाठी त्याच्याच गावातून महाराजांची पालखी पायी पंढरपुरास निघते. मोटारीने जी वाट एका दिवसात सरते, तिला वारकऱ्यांचा सुमारे महिना जातो. म्हणून वारकऱ्यांस कोणी मंद म्हणत नाही. मोटारीतल्या माणसास फक्त पंढरपूर दिसते. वारकऱ्यास वाटेतील प्रत्येक गाव, प्रत्येक ओढा आणि पेरणी झालेले प्रत्येक शेत दिसते. अर्थात संथपणा हा काही स्वतःच गुण नव्हे. रेंगाळणारा मनुष्यही हळूच चालतो, आणि आशियात असे रेंगाळणारे पटही पुष्कळ निघतात. चालणाऱ्याने वाटेत काय पाहिले, एवढेच विचारावयाचे.

जपानचे दिग्दर्शक यासुजिरो ओझू यांनी १९५३ साली ‘टोकियो स्टोरी’ हा पट काढला. त्यातील वृद्ध आईबाप ओनोमिची नावाच्या गावी राहतात. तेथे देवळे आहेत आणि गावातून आगगाडी जाते. शेगावच्या माणसास हे गाव मुळीच परके वाटू नये. म्हातारा-म्हातारी मोठ्या हौसेने मुलांकडे राजधानीत जातात. मुले वाईट नाहीत; ती केवळ कामात आहेत. त्यांना आईबापांसाठी वेळ सापडत नाही. युद्धात गेलेल्या मुलाची विधवा पत्नी तेवढी रजा काढून त्यांना शहर दाखवते. दोघे घरी परततात आणि थोड्याच दिवसांत आई मरण पावते. एवढीच कथा! मारामारी नाही, पाठलाग नाही, दुष्ट मनुष्यही नाही. ओझू आपला कॅमेरा बहुधा जमिनीपासून थोड्याच उंचीवर ठेवीत. जपानी घरात माणसे चटईवर बसतात. कॅमेराही जणू त्यांच्यात येऊन बसतो. आपल्याकडे ओसरीवर बसून घरातील बोलणे ऐकावे, तसे ते पाहणे आहे. मुलगी आईबापांस कसे टाळते, हे खाली बसून पाहणाऱ्यालाच दिसते. घाईने जाणाऱ्यास ते दिसले नसते.

आणि गंमत अशी की, या पटाचे मूळ काही अंशी हॉलिवूडमध्येच आहे. १९३७ साली लिओ मकॅरी यांनी मुलांना जड झालेल्या वृद्ध आईबापांवर एक अमेरिकन पट काढला होता. तो ओझूंचे सहलेखक कोगो नोदा यांच्या पाहण्यात आला होता. ओझू स्वतः तरुणपणी अमेरिकन पटांचे मोठे भोक्ते होते. उलट बाजूही तशीच आहे. अकिरा कुरोसावा यांना जॉन फोर्ड या अमेरिकन दिग्दर्शकाविषयी फार आदर. त्यांनी १९५४ साली ‘सेव्हन सामुराई’ काढला. दरोडेखोरांनी गांजलेले शेतकरी पोटाला भात देऊन सात योद्धे आणतात, अशी ती सोळाव्या शतकातील कथा आहे. हॉलिवूडने १९६० साली हीच कथा उचलली, सामुराईंच्या जागी बंदूकधारी घोडेस्वार आणले आणि ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’ तयार केला. १९७५ सालच्या आपल्या ‘शोले’वरही या दोन्ही पटांची छाया जाणकारांना दिसते. असे हे देणेघेणे आहे. उसने घेतल्याने कोणी लहान होत नाही. जपानी पटाला साडेतीन तासांच्या जवळपास वेळ लागतो, कारण शेतकरी आणि योद्धे यांच्यातील पिढ्यान्‌पिढ्यांचा अविश्वास त्याला उलगडून दाखवावयाचा आहे. अमेरिकन पट त्याहून तासभर लहान आहे. त्याला साहसाची कथा झपाट्याने सांगावयाची आहे, आणि ती तो उत्तम सांगतो.

हॉलिवूडच्या बाजूने एवढे तरी मोकळेपणाने सांगितले पाहिजे. शिवाय १९२१ सालचा चार्ली चॅप्लिन यांचा ‘द किड’ तेथलाच. एक भटका मनुष्य रस्त्यावर सापडलेले मूल वाढवतो, या साध्या कथेत एकही शब्द ऐकू येत नाही आणि कोणत्याही देशातील मुलास ती समजते. हॉलिवूड म्हणजे केवळ गडगडाट, असे मानणारा मनुष्यही आपल्या तरुणाइतकाच चुकतो.

परंतु पट्टी एकच ठेवली म्हणजे काय घडते, याचे उदाहरण फार जुने नाही. २००४ साली संदीप सावंत यांचा ‘श्वास’ प्रदर्शित झाला. कोकणातील एका लहान मुलाच्या डोळ्यांना कर्करोग होतो. शस्त्रक्रिया केली तर जीव वाचेल, पण दृष्टी जाईल. शस्त्रक्रियेपूर्वी आजोबा त्याला शहरात हिंडवून जग डोळे भरून दाखवतात. ‘श्यामची आई’नंतर पन्नास वर्षांनी मराठी चित्रपटास सर्वोत्कृष्ट भारतीय चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो या पटामुळे. पुढे भारताकडून तो ऑस्करसाठी पाठवण्यात आला. अमेरिकेतील परीक्षकांपर्यंत पट पोहोचवावयाचा म्हणजे पैसा हवा. तो निर्मात्यांजवळ नव्हता. तेव्हा महाराष्ट्रातील लोकांनी वर्गणी जमवली. ही लोकांची माया खरी होती, यात शंका नाही. तरीही मनात विचार येतो की, अंतिम पाच पटांत ‘श्वास’ आला नाही, तेव्हा अनेकांना तो हरला असे का वाटले? त्या आजोबांचे आणि नातवाचे त्यामुळे काय कमी झाले?

२०२० साली दक्षिण कोरियाच्या ‘पॅरासाइट’ने सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळवले. १९२९ पासून दिल्या जाणाऱ्या या पारितोषिकांत इंग्रजीखेरीज अन्य भाषेतील पटास हा मान प्रथमच मिळाला. त्यानंतर कोरियाचे पट पाहणाऱ्यांची संख्या आपल्याकडेही वाढली. ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु शेजारच्या घरी सुगरण आहे, हे दूरच्या गावच्या पाहुण्याकडून कळावे, तसेच हे झाले.

शेगावच्या मुलांनी आधी कोणता पट पाहावा, असे कोणी विचारल्यास इराणच्या मजीद मजीदी यांच्या ‘चिल्ड्रन ऑफ हेवन’ या १९९७ सालच्या पटाचे नाव घ्यावे लागेल. अली नावाचा मुलगा बहिणीचे दुरुस्त करून आणलेले बूट हरवतो. वडिलांजवळ नव्यासाठी पैसे नाहीत, म्हणून बहीणभाऊ एकच जोड आळीपाळीने घालून शाळेत जातात. पुढे धावण्याची शर्यत जाहीर होते, आणि तिसऱ्या क्रमांकास बूट मिळणार असतात. अली तिसरा येण्यासाठी जिवाच्या आकांताने धावतो, आणि चुकून पहिला येतो! लोक त्याला उचलून घेतात, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत असते. शर्यतीचे पट हॉलिवूडने पुष्कळ काढले. परंतु तेथे पहिला आलेला मुलगा सहसा असा रडत नाही.

येथे एक अडचण आहे, आणि ती तरुणाच्या आवडीची नसून पोहोचण्याची आहे. हॉलिवूडचे मोठे पट हिंदीत बोलके होऊन येतात, कारण त्यामागे पैसा असतो. इराणच्या वा जपानच्या पटाखाली बहुधा इंग्रजी ओळी धावतात, आणि सहावीतल्या मुलास त्या तितक्या वेगाने वाचता येत नाहीत. मोबाइलवर पट मिळाला, तरी तो बंदच राहतो. यावर उपाय मात्र जुनाच आहे. मूकपटांच्या काळी जपानमध्ये पडद्याशेजारी उभा राहून कथा सांगणारा मनुष्य असे. त्याला ‘बेन्शी’ म्हणत. आपल्याकडेही पडद्यावरील पाट्या निरक्षर प्रेक्षकांना मोठ्याने वाचून दाखवीत. अलीच्या कथेत फारसे अवघड बोलणे नाही. शाळेच्या एखाद्या खोलीत, खिडक्या झाकून, भिंतीवर तो पट लावावा आणि इंग्रजी वाचता येणाऱ्या वरच्या वर्गातील एका मुलीने शेजारी उभे राहून त्या ओळी मराठीत, हवे तर चांगल्या वऱ्हाडीत, सांगत जाव्या.