हरणाऱ्याने खर्च द्यावा काय?

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’, असे आपण म्हणतो. परंतु दांडग्या शेजाऱ्याने ज्याचा बांध कोरला, त्याने दाद मागावी तरी कोठे? आणि दावा जिंकूनही वकिलाची फी व हेलपाट्यांचा खर्च त्याच्याच माथी आला, तर त्या जयाचे मोल ते काय?

१९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ३५ सांगते की, खर्च सामान्यतः हरणाऱ्याने द्यावा; तसे न केल्यास न्यायाधीशाने कारणे नमूद करावीत. तत्त्व न्याय्य आहे. प्रत्यक्षात मात्र पदरी पडणारी रक्कम बहुधा नाममात्र असते. खोट्या दाव्याबद्दल कलम ३५-अ खाली मिळणाऱ्या भरपाईची ३,००० रुपयांची मर्यादा १९७६ सालची! तिचा लबाडाला कसला धाक?

तथापि हरणारा प्रत्येक जण लबाड नसतो. घरदार जाईल या भयाने गरिबाने न्याय मागणेच सोडावे, हेही इष्ट नव्हे. म्हणून जाणूनबुजून खोटे लढणाऱ्याकडून पै न् पै वसूल व्हावी. प्रामाणिकपणे लढून हरलेल्याकडून त्याची ऐपत पाहून खर्च घ्यावा. विद्यार्थिमित्रांनो, हा विवेक कलमात पुरता बांधता येत नाही. तो न्यायासनाने दाखवावा लागतो.