कराची पावती आणि मताचा अधिकार

निवडणुकीचा निकाल लागला की नांदेडच्या वजिराबादेत काय किंवा लातूरच्या गंजगोलाईत काय, दुकानाच्या गादीवर एक तक्रार हमखास कानी पडते. ‘कर आम्ही भरायचा आणि सरकार कोणी निवडायचे? ज्यांनी रात्री पाकीट घेतले आणि सकाळी बटण दाबले त्यांनी!’ तक्रार करणारा माणूस बहुधा सज्जन असतो. त्याच्या पगारातून कर परस्पर कापला जातो किंवा दुकानाचा जीएसटी तो मुदतीत भरतो. दारासमोरचा रस्ता मात्र खड्ड्यांचाच राहतो. मग ओघानेच एक प्रस्ताव पुढे येतो. कर भरणाऱ्यालाच मत असावे. निदान जो अधिक भरतो त्याच्या मताला अधिक वजन असावे.

हा प्रस्ताव पूर्वी चहाच्या पेल्याबरोबर संपत असे. आता चांगली शिकलेली तरुण मुलेही तो आग्रहाने मांडू लागली आहेत. त्यामुळे त्याची थट्टा करून भागणार नाही. त्याची तपासणी व्हायला हवी.

विचार मुळीच नवा नाही. जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज तत्त्ववेत्त्याने १८६१ मध्ये सुशिक्षितांना एकाहून अधिक मते द्यावीत आणि सार्वजनिक मदतीवर जगणाऱ्याला मत नसावे, असे प्रतिपादन केले होते. इंग्लंडमध्ये व्यवसायाच्या जागेचे आणि विद्यापीठाचे जादा मत १९४८ च्या कायद्याने रद्द होईपर्यंत टिकून होते. अमेरिकेत मतदानासाठी आकारल्या जाणाऱ्या कराला राष्ट्रीय निवडणुकांपुरती बंदी घालण्यासाठी १९६४ मध्ये घटनादुरुस्ती करावी लागली. तो कर मुख्यतः दक्षिणेतील कृष्णवर्णीयांना मतपेटीपासून दूर ठेवण्याच्या कामी आला होता. ब्रिटिश हिंदुस्थानात १९३५ च्या कायद्याखालील मताधिकार मालमत्ता, कर आणि शिक्षण यांच्या अटींनी बांधलेला होता. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकांत मतदारांची संख्या तीन कोटींच्या आसपासच राहिली. सारांश, या प्रयोगाला जगात कोठेच नवलाई उरलेली नाही. ज्यांनी तो केला त्यांनीच तो टाकून दिला.

मराठवाड्याला तर याहून जवळचा अनुभव आहे. निजामाने १९३७ मध्ये दिवाण बहादूर अरवमुदु अय्यंगार यांच्या अध्यक्षतेखाली सुधारणा समिती नेमली आणि जुलै १९३९ मध्ये सुधारणा जाहीर केल्या. विधिमंडळ ८५ सदस्यांचे. त्यांत निवडून येणारे अवघे ४२. ते गावांचे किंवा तालुक्यांचे प्रतिनिधी असणार नव्हते. जागीरदार, शेतीवाले, व्यापारी, पेढीवाले, वकील, डॉक्टर, पदवीधर अशा हितसंबंधांनुसार जागा वाटलेल्या होत्या. बहुसंख्य हिंदू प्रजेला निवडलेल्या जागांत मुसलमानांच्या बरोबरीनेच वाटा होता आणि अंतिम शब्द निजामाचाच होता. १९३८-३९ मध्ये स्टेट काँग्रेस, आर्य समाज आणि हिंदू महासभा यांच्या सत्याग्रहींनी ज्या जबाबदार राज्यपद्धतीसाठी आणि धर्मस्वातंत्र्यासाठी तुरुंग भरले, त्यांच्या पदरात दरबाराने हे टाकले. ‘समाजात ज्याचे वजन, त्यालाच आवाज’ हे सूत्र येथे एकदा कागदावर उतरले होते. त्याचा लाभ कोणाला होणार होता, हे जनतेने तेव्हाच ओळखले.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त झाला. त्यानंतर साडेतीन वर्षांच्या आत, १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, जागीरदार आणि त्याचा सालगडी एकाच रांगेत उभे राहिले. राज्यघटनेच्या ३२६ व्या कलमाने प्रौढ मताधिकार दिला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे याच मताधिकाराची मागणी केली होती. त्या निवडणुकीत गुलबर्ग्यातून स्वामी रामानंद तीर्थ लोकसभेवर गेले. ज्यांचे नाव आज नांदेडचे विद्यापीठ धारण करते, ते स्वामीजी संन्यासी होते. मालमत्तेचा दाखला ही मताची अट असती, तर हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या सेनापतीलाच मतदार यादीत जागा मिळाली नसती.

येथे कराचा हिशेब मांडून पाहावा. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी देशात सुमारे ९७ कोटी मतदार होते. त्याच वर्षी ३१ जुलैच्या मुदतीपर्यंत दाखल झालेली प्राप्तिकर विवरणपत्रे होती सुमारे ७.२८ कोटी, आणि त्यांतही अनेकांचा देय कर शून्य. म्हणजे शंभर मतदारांतील फार तर सात-आठ जण उरतील. गळणारे कोण असतील? शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही. म्हणून औसा-निलंग्याचा सोयाबीन पिकवणारा शेतकरी गळेल. बेताच्या निवृत्तिवेतनावर जगणारे गुरुजी गळतील. पहाटेपासून रात्रीपर्यंत घर ओढणारी गृहिणी गळेल, म्हणजे प्रस्ताव मांडणाऱ्याची आई आणि बहुधा पत्नीही. आणि घरदार सोडून, एक पिशवी खांद्याला लावून आयुष्यभर समाजकार्यात राबणारा पूर्णवेळ कार्यकर्ता तर पहिल्याच चाळणीत गळेल. ज्या मोजपट्टीवर मातृत्व आणि त्याग यांची किंमत शून्य भरते, ती मोजपट्टी हिंदू समाजाने कधी मान्य केलेली नाही. दानाच्या रकमेपेक्षा दात्याच्या भावनेला येथे मोठे मानले गेले.

शिवाय कर केवळ प्राप्तिकर भरणारेच देतात, हा समजच मुळात खोटा आहे. काडेपेटी, साबण, मोबाईलचे रिचार्ज, दुचाकीतील पेट्रोल या प्रत्येकावर कर आहे आणि मुखेडच्या डोंगराळ भागातील मजूरही तो देतो. मिळकतीच्या प्रमाणात पाहिले तर गरिबाला तो अधिक जड जातो. आणि सरकारी खर्चाचा लाभ केवळ दरिद्री माणूसच घेतो, असेही नाही. ‘लातूर पॅटर्न’च्या शिस्तीत तयार झालेली शेकडो मुले सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत पोहोचतात, हे मराठवाड्याचे भूषणच आहे. तेथील शुल्क प्रत्यक्ष खर्चाच्या मानाने अल्प असते. उरलेला भार सरकारी तिजोरी उचलते आणि त्या तिजोरीत मजुराच्या साबणाचा करही असतो. २०२४ पासून लाडक्या बहिणीला मिळणारे दरमहा १५०० रुपये ज्याच्या डोळ्यांत खुपतात, त्याने गृहकर्जाच्या व्याजावर घेतलेली करसवलतही एकदा आठवून पाहावी.

महाराष्ट्राने करदाता आणि कष्टकरी यांचे नाते एकदा फार सुंदर रीतीने जोडले होते. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातील बायाबापड्या खडी फोडण्याच्या कामावर गेल्या. त्या आपत्तीतून वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजना राज्यभर रुजली आणि तिच्या खर्चासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवला गेला. तो आजही शिक्षक, कारकून, बँक कर्मचारी यांच्या पगारातून वर्षाला कमाल २५०० रुपयांपर्यंत कापला जातो. एकाने पैसा दिला, दुसऱ्याने घाम दिला. त्यातून पाझर तलाव झाले, रस्ते झाले. यांपैकी योगदान कोणाचे मोठे, हे कोणत्या तराजूने ठरवावे? पैसा देणाऱ्याने त्या काळी जादा मत मागितले नव्हते.

‘कंपनीत जितके भाग तितकी मते, मग देशात का नको?’ असा एक युक्तिवाद केला जातो. उत्तर मराठवाड्यातील कोणत्याही सहकारी साखर कारखान्याच्या दारात मिळेल. सहकार कायद्याप्रमाणे सभासदाचे भाग कितीही असोत, मत एकच. कंपनीचा भागधारक पटले नाही तर भाग विकून मोकळा होतो. सहकारातील शेतकऱ्याचा मात्र ऊस त्याच शिवारात उभा असतो आणि नागरिकाची चिताही याच मातीत पेटणार असते. ज्याला सोडून जाण्याचा मार्ग नाही, त्याला बोलण्याचा अधिकार हवाच. राष्ट्र ही भागभांडवलाची पेढी नव्हे. तो एक परिवार आहे, आणि परिवारात मिळवत्या मुलाच्या शब्दाइतकाच म्हाताऱ्या आजीच्या शब्दाला मान असतो.

उरतो आक्षेप समजुतीचा. गरीब मतदार अडाणी असतो, तो सहज विकला जातो, असे म्हटले जाते. २० नोव्हेंबर २०२४ चे नांदेड त्याचे उत्तर देते. त्या दिवशी विधानसभेबरोबर लोकसभेची पोटनिवडणूकही झाली. लोकसभा मतदारसंघातील सहाही विधानसभा जागा महायुतीने जिंकल्या. लोकसभेची जागा मात्र काँग्रेसने १,४५७ मतांनी राखली. निकाल कोणाला रुचला, कोणाला नाही, हा प्रश्न वेगळा. पण एकाच केंद्रावर, एकाच दिवशी दोन यंत्रांपुढे उभे राहून अनेक मतदारांनी दोन वेगळे निर्णय दिले, हे तर स्पष्टच आहे. मेंढरांच्या कळपाकडून असे घडत नाही. २०१९ मध्ये लातूर ग्रामीणमध्ये तर ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हा पर्याय सुमारे २७ हजार मते घेऊन दुसऱ्या क्रमांकावर राहिला. ज्या पक्षाला आणि कार्यकर्त्यांना त्यातून शिकायचे असेल, त्यांच्यासाठी तेथे पुष्कळ धडा आहे.

याचा अर्थ त्या सज्जन करदात्याची तक्रार पोकळ आहे, असा मात्र नव्हे. पाकिटे वाटली जातात. तिजोरीचा विचार न करता घोषणा होतात. कराच्या पैशाचा हिशेब मागितला तर कार्यालयातून टोलवाटोलवी होते. मताला लाच देणारा आणि ती घेणारा असे दोघेही कायद्याने गुन्हेगार आहेत. तथापि, पाकीट भरून पाठवणारा हात क्वचितच गरिबाचा असतो. तो हात मोकळा ठेवून घेणाऱ्याचे मतच काढून घेणे, हा न्याय नव्हे.

उपाय हातात आहेत. ग्रामपंचायतीचा कर मागणी होऊनही थकवणाऱ्याला सदस्यपदी राहता येत नाही, असे कायदा सांगतो. म्हणजे सत्तेत बसणाऱ्यावर अट घालण्याची सोय आहे, ती कसोशीने पाळली जावी. ग्रामसभेत हिशेब मागण्याचा अधिकार आहे, तो वापरला जावा. आणि सुशिक्षितांना विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघाच्या रूपाने एक जादा मत घटनेनेच दिलेले आहे. त्यासाठी दरवेळी नव्याने नोंदणी करावी लागते आणि ती करून घेण्यासाठी कार्यकर्त्यांना पदवीधरांचे उंबरठे झिजवावे लागतात. जे जादा मत मिळाले आहे तेच ज्यांना जड वाटते, त्यांनी दुसऱ्याचे एकमेव मत काढून घेण्याची भाषा करावी, हे शोभत नाही. २०२४ च्या लोकसभेला नांदेड आणि लातूर या दोन्ही ठिकाणी मतदान साठ टक्क्यांच्या थोडेसेच वर गेले. उरलेल्यांत सगळेच काही गरीब नव्हते.

त्यांत एक वर्ग असा आहे की ज्याला मत द्यायचे असूनही देता येत नाही. दसरा-दिवाळी झाली की कंधार-मुखेडकडील जोडपी कोयते घेऊन ऊसतोडीला बाहेर पडतात. मतदान त्याच सुमारास आले, तर मुकादमाची उचल फेडायची की गावी परतायचे, हा पेच त्यांच्यापुढे उभा राहतो. निवडणूक आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये स्थलांतरितांसाठी दूरस्थ मतदान यंत्राची कल्पना मांडली. राजकीय पक्षांच्या आक्षेपांमुळे ती पुढे सरकली नाही. देशाची साखर ज्यांच्या घामावर तयार होते, त्यांच्या हाती कराची पावती नसेल. पण त्यांच्या बोटाला शाई लागत नसेल, तर खरी उणीव तेथे आहे. पुढच्या निवडणुकीआधी अशी दहा नावे यादीत आहेत की नाहीत हे पाहणे, आणि मतदानाच्या दिवशी ती माणसे केंद्रापर्यंत पोहोचतील अशी व्यवस्था करणे, हे काम कोणत्याही गावातील दोन-चार तरुणांना जमण्यासारखे आहे. मताचे मोल वाढवायचे असेल, तर मार्ग हाच आहे.