टाळता आला असता का?

मय्यतीत आपण 'अल्लाहची मर्जी' म्हणतो आणि कारण विचारत नाही. तकदीर मानावीच, हिशेब मागायला मनाई कुठे आहे? ऑक्टोबर 2023 च्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात 24 तासांत 24 मृत्यू झाले, त्यांत 12 नवजात बाळे. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. पण नुसता आकडा फसवतो. काही खासगी दवाखाने शेवटच्या घटकेला रुग्ण घाटीत धाडतात, मृत्यू घाटीच्या नावावर चढतो. युरोपात 75 वर्षांच्या आतले मृत्यू वेगळे मोजतात: लस-स्वच्छतेने टळणारे आणि वेळेवर उपचाराने टळणारे. आपल्याकडे निदान बाळंतिणीच्या मृत्यूची चौकशी सरकारी नियमाने होते. चितेगावात कोणाच्या घरी ते लोक आले, तर दार लावू नका. गाडी किती वाजता मिळाली, रक्त कधी मिळाले, सगळे सांगा.